सात लिटर आणि पावणेसात लिटर

रोल्स-रॉइस कंपनीच्या दोन मोटारगाड्यांची मापे शेजारी शेजारी ठेवली की एक कोडे समोर येते. पहिली गाडी १९०७ सालची. तिच्या इंजिनाचे आकारमान, म्हणजे सर्व सिलिंडरांतून दट्टे मिळून जेवढी जागा झाडून काढतात ती, ७०३६ घन सेंटिमीटर. या इंजिनाची शक्ती होती ४८ अश्वशक्ती. दुसरी गाडी २००३ सालची. तिच्या इंजिनाचे आकारमान ६७४९ घन सेंटिमीटर, आणि शक्ती ४५३ अश्वशक्ती.

म्हणजे शहाण्णव वर्षांत इंजिन मोठे झाले नाही, उलट किंचित लहानच झाले. सात लिटरचे पावणेसात लिटर झाले. आणि शक्ती मात्र साडेनऊपट वाढली. इंधन तेच, पेट्रोल. चार धावांचे चक्रही तेच, जे निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये यशस्वी करून दाखवले होते: शोषण, संपीडन, शक्ती, निष्कास. मग ही साडेनऊपट आली कुठून? आणि आली ती गेली कुठे? दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या लेखात दोन्हींचा हिशोब मांडायचा आहे. त्यासाठी अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानापलीकडे काही लागत नाही.

आधी दोन्ही गाड्यांची ओळख करून घेऊ. पहिलीचे कारखान्यातले नाव '४०/५०'. तिच्यापैकी एक गाडी चंदेरी रंगाने रंगवून आणि चांदीचा मुलामा दिलेले भाग बसवून कंपनीने तिला 'सिल्व्हर घोस्ट' म्हणजे चंदेरी भूत असे नाव दिले. गाडी भुतासारखी आवाज न करता येते, हा त्यातला अर्थ. पुढे हे नाव त्या प्रकारच्या सर्वच गाड्यांना चिकटले. १९०७ मध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तिची पंधरा हजार मैलांची चाचणी झाली. सुरुवातीलाच, ६२९ मैलांवर, पेट्रोलचा कॉक हादऱ्यांनी आपोआप बंद झाला म्हणून ती थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३,१०० किलोमीटर, ती नाइलाजाने कुठेही थांबली नाही. ज्या काळात मोटारीतून निघालेला माणूस हत्यारांची पेटी आणि चिकाटी बरोबर घेऊनच निघत असे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

या गाडीचा आपल्याकडच्या रस्त्यांशीही संबंध आला. 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची एक घोस्ट मुंबईत आणली गेली आणि १९०८ च्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत तिने सह्याद्रीचे घाट पार करून बाजी मारली. ती गाडी नंतर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. संस्थानिक आणि रोल्स-रॉइस या जोडीच्या खऱ्याखोट्या कथा आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. त्यांतली ही खरी, आणि या लेखाच्या कामाची, कारण घाटाचा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी गाडी 'फँटम'. २००३ मध्ये, कंपनी बीएमडब्ल्यूकडे गेल्यानंतर, इंग्लंडमधील गुडवुड येथील नव्या कारखान्यातून ती बाहेर पडली. बारा सिलिंडर, ॲल्युमिनियमचा सांगाडा, वजन सुमारे २४८५ किलो. ताशी शंभर किलोमीटरचा वेग ती सुमारे सहा सेकंदांत घेते. कमाल वेग ताशी २४० किलोमीटरवर मुद्दाम रोखलेला आहे.

साडेनऊपटीची फोड

इंजिनाची शक्ती तीन गोष्टींवर ठरते. सिलिंडरांचे आकारमान किती, शक्तिधावेत दट्ट्यावर सरासरी दाब किती, आणि अशा शक्तिधावा सेकंदाला किती. दाब गुणिले आकारमान म्हणजे कार्य, हे आपण शिकवतोच. ते कार्य सेकंदाला किती वेळा होते याने गुणले की शक्ती मिळाली. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक शक्तिधाव मिळते, म्हणून

शक्ती = सरासरी दाब × आकारमान × (सेकंदाला होणारे फेरे ÷ २)

घोस्टची ४८ अश्वशक्ती मिळे ती मिनिटाला १२५० फेऱ्यांना. फँटमची ४५३ मिळते ५३५० फेऱ्यांना. आता गुणोत्तरे काढा. आकारमानाचे गुणोत्तर ०.९६. फेऱ्यांचे गुणोत्तर ४.२८. एकूण गुणोत्तर ९.४४. म्हणजे दाबाच्या वाट्याला उरले २.३.

सूत्रात आकडे घालून प्रत्यक्ष दाब काढला तर घोस्टमध्ये तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पाचपट येतो आणि फँटममध्ये अकरापट. (एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. विद्यार्थ्यांनी ही आकडेमोड स्वतः करून पाहावी.) हा दाब म्हणजे सिलिंडरातला खरा क्षणोक्षणीचा दाब नव्हे. घर्षण वगैरे सर्व तोटे वजा जाऊन चाकांच्या दिशेने जे कार्य बाहेर पडते, ते देऊ शकेल असा हा एक हिशोबी सरासरी दाब आहे. पण तुलनेला तो फार सोयीचा. इंजिन स्कूटरचे असो की आगगाडीचे, तो दाब सांगतो की आतल्या जागेचा उपयोग किती चांगला केला आहे.

तर साडेनऊपटीतला मोठा वाटा निव्वळ भरभर फिरण्याचा आहे. उरलेला चांगल्या ज्वलनाचा.

भरभर फिरणे सोपे नाही

कोणी म्हणेल, मग १९०७ सालीच इंजिन जोरात का फिरवले नाही? इथे दट्ट्याचा विचार करावा लागतो. दट्ट्या सिलिंडरात वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक टोकाला त्याची दिशा उलटते आणि तिथे त्याचे त्वरण सर्वांत जास्त असते. हे त्वरण साधारणपणे क्रँकची त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग इतके असते.

घोस्टच्या दट्ट्याची धाव ११४ मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या ५७ मिलिमीटर. १२५० फेऱ्यांना त्वरण येते सुमारे ९८० मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या शंभरपट. फँटमची धाव ८४.६ मिलिमीटर. ५३५० फेऱ्यांना तिच्या दट्ट्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे साडेतेराशेपट होते. पाव किलोचा दट्ट्या धरला तरी प्रत्येक टोकाला त्याला परत वळवायला साडेतीनशे किलो वजनाच्या जवळपास जोर लागतो, आणि हे मिनिटाला दहा हजारांहून अधिक वेळा.

वेग चौपट झाला तर जोर सोळापट होतो. इथे तो सोळापटीहून थोडा कमी राहिला, कारण धाव आखूड केली. आकारमान तेवढेच ठेवून धाव आखूड करायची तर सिलिंडर जास्त हवेत. सहाचे बारा झाले त्याचे एक कारण हे. दुसरे कारण दट्ट्याचे वजन. घोस्टचे सुरुवातीचे दट्टे ओतीव लोखंडाचे होते. रोल्स-रॉइसच्या मोटारींत ॲल्युमिनियमचे दट्टे पहिल्या महायुद्धानंतर आले. विमानाच्या इंजिनांसाठी युद्धकाळात जे शिकले गेले ते नंतर मोटारीत उतरले, हा क्रम पुढेही अनेकदा दिसतो.

फेरे वाढवले की दुसरी अडचण श्वासाची. मिनिटाला ५३५० फेऱ्यांना एका शोषण धावेला वेळ मिळतो सुमारे ५.६ मिलिसेकंद. एवढ्यात सिलिंडर हवेने भरला पाहिजे. घोस्टच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. हवा वाकडी वळून आत येई आणि वाकडी वळून बाहेर जाई. मंद फिरणाऱ्या इंजिनाला ते चालून जाते. धावणाऱ्या माणसाने नाक दाबून श्वास घ्यावा, तशी जलद इंजिनाची अशा रचनेत गत होते. फँटममध्ये प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आहेत, त्याही थेट डोक्यावर. बारा सिलिंडरांच्या मिळून अठ्ठेचाळीस.

ठिणगीचेही तसेच. घोस्टमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असत, एक मॅग्नेटोवर आणि दुसरा बॅटरीच्या वेटोळ्यावर चालणारा, म्हणजे एक बिघडला तरी गाडी अडू नये. ठिणगी किती आधी पाडायची हे चालक सुकाणूजवळच्या तरफेने ठरवी. चढ लागला की ठिणगी उशिरा, सपाटी आली की लवकर. तो एक प्रकारे गाडीचा संगणकच होता. आज तेच काम प्रत्येक शक्तिधावेसाठी वेगळे मोजून इलेक्ट्रॉनिक मंडल करते.

दाबून ठेवलेली गोष्ट

आता २.३ पट दाबाकडे येऊ. इथे खरा नायक आहे संपीडन गुणोत्तर. दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरातली जागा आणि दट्ट्या वर असताना उरलेली जागा, यांचे हे गुणोत्तर. घोस्टमध्ये ते ३.२ होते. फँटममध्ये ते ११ आहे.

मिश्रण जितके जास्त दाबून मग पेटवावे, तितके ज्वलनानंतर ते जास्त प्रसरण पावते आणि उष्णतेतला मोठा भाग कार्यात रूपांतरित होतो. आदर्श ऑटो चक्रासाठी हे सूत्रात बसते. संपीडन गुणोत्तराला 'ग' म्हटले तर

कार्यक्षमता = १ − १ ÷ (ग चा ०.४ वा घात)

ग = ३.२ घातले तर उत्तर ३७ टक्के येते, ग = ११ घातले तर ६२ टक्के. खरी इंजिने या आदर्शाच्या बरीच खाली राहतात, कारण भिंतींतून उष्णता जाते आणि घर्षण असते. पण गुणोत्तर पाहा, ६२ भागिले ३७ म्हणजे जवळजवळ १.७. दाबातल्या २.३ पटीपैकी १.७ पट इथेच सापडली. उरलेली १.४ पट चांगल्या श्वासाची आणि कमी घर्षणाची मानायला हरकत नाही.

मग हेन्री रॉइससारख्या काटेकोर माणसाने ३.२ वरच का थांबावे? त्याला जास्त दाबणे जमले नसते असे नाही. जमले नसते ते त्या काळच्या पेट्रोलला. पेट्रोलची वाफ आणि हवा फार दाबली की ती तापते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सर्वत्र पोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते, आणि सिलिंडरवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. गॅरेजमध्ये याला 'नॉकिंग' म्हणतात. वाईट नॉकिंगने दट्ट्याला भोकसुद्धा पडते. हा दोष इंधनाचा आणि ज्वलनजागेच्या आकाराचा आहे, हे हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याच्या संशोधनातून पुढील दशकात स्पष्ट होत गेले. तोवर उपाय एकच, कमी दाबा. (कमी संपीडनाचा एक फायदाही होता. घोस्ट हाताने हँडल मारून सुरू करावी लागे. अकराचे गुणोत्तर असलेले पावणेसात लिटरचे इंजिन हाताने फिरवून पाहण्याची कल्पनाही नको.)

नॉकिंगवर अमेरिकेत एक फार सोपा उपाय १९२१ मध्ये सापडला, टेट्राएथिल लेड. पेट्रोलमध्ये त्याची किंचित मात्रा मिसळली की नॉकिंग थांबे. संपीडन वाढले, शक्ती वाढली, आणि जगभरच्या शहरांत धुराड्यांतून शिसे बाहेर पडत राहिले. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हे सिद्ध झाल्यावर देशोदेशी ते बंद होत गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली आणि जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते २०२१ मध्ये सोडले. आलेखावर कार्यक्षमतेची रेषा वर चढताना दिसते तेव्हा तिची किंमत कोणी आणि कशी दिली हेही वर्गात सांगितले पाहिजे, असे मला वाटते. फँटमने ११ चे गुणोत्तर शिशाशिवाय गाठले आहे. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, त्याचे बाष्पीभवन होताना आतली हवा थंड होते, आणि नॉकिंग टळते. मडक्यातले पाणी गार होते त्याच तत्त्वाने.

भूत आवाज का करत नाही

एका बाबतीत मात्र नव्या गाडीने जुनीकडून उसने घेतले आहे. घोस्टची ख्याती तिच्या निःशब्दपणाची होती. त्याचे मूळ सहा सिलिंडरांच्या मांडणीत आहे.

दट्ट्याची हालचाल शुद्ध सरल आवर्त गती नसते. जोडदांडा तिरका होत असल्याने तिच्यात क्रँकच्या वेगाने बदलणारा एक भाग असतो आणि दुप्पट वेगाने बदलणारा दुसरा लहान भाग. पहिल्यातून येणारे हादरे कोज्या θ प्रमाणे, दुसऱ्यातून येणारे कोज्या २θ प्रमाणे. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात दोन दट्टे वर तर दोन खाली असतात, म्हणजे θ मध्ये १८० अंशांचा फरक. पहिले हादरे एकमेकांना रद्द करतात. पण २θ मध्ये तो फरक ३६० अंशांचा होतो, म्हणजे काहीच फरक नाही, आणि दुसरे हादरे चारही मिळून एकाच दिशेने येतात. चार सिलिंडरांच्या इंजिनाची ती ओळखीची गुणगुण यातूनच.

सहा सिलिंडरांत क्रँकच्या तीन जोड्या १२० अंशांवर असतात.

कोज्या θ + कोज्या (θ + १२०°) + कोज्या (θ + २४०°) = ०

θ च्या जागी २θ घाला. कोनांतले फरक २४० आणि ४८० अंश होतात, पण ४८० म्हणजे पुन्हा १२० च. बेरीज पुन्हा शून्य. दोन्ही प्रकारचे हादरे नाहीसे. त्रिकोणमितीच्या तासाला हे उदाहरण दिले की विद्यार्थी एरवी न विचारणारे प्रश्न विचारू लागतात.

कागदावर हे सरळ आहे. पण सहा सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट लांब असतो आणि लांब शाफ्टला पीळ बसतो. त्या काळात सहा सिलिंडरांच्या गाड्यांचे क्रँकशाफ्ट पिळाच्या कंपनांनी तुटत. रॉइसने सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत बसवले, शाफ्ट जाड केला, त्याला सात ठिकाणी बेअरिंगचा आधार दिला आणि त्याच्या पोकळीतून दाबाने तेल फिरवले. फँटमची बारा सिलिंडरे म्हणजे एकाच क्रँकशाफ्टवर तिरप्या बसवलेल्या सहा-सहाच्या दोन रांगा. प्रत्येक रांग आपापली शांत, म्हणून जोडीही शांत. शहाण्णव वर्षांत या समीकरणाला पर्याय मिळाला नाही, लागलाही नाही.

थांबणे

घोस्टच्या पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते. पायाचा ब्रेक सुरुवातीला मागे जाणाऱ्या शाफ्टवर काम करी आणि हाताचा मागच्या चाकांच्या ड्रमवर, म्हणजे दोन्हींचा परिणाम शेवटी मागच्याच चाकांवर. चारही चाकांचे ब्रेक तिला १९२४ च्या सुमारास मिळाले. गाडी चालवणे या विषयावर जे लिहिले जाते त्यात वेगाबद्दल फार आणि याबद्दल फार थोडे असते, म्हणून इथे जरा थांबू.

ब्रेक लावला की गाडी पुढे झुकते. बसमध्ये आपण झुकतो तसे तिचे वजनही पुढच्या चाकांवर जाते आणि मागची चाके हलकी होतात. घर्षण तर चाकावरच्या वजनावर अवलंबून. म्हणजे मागचा ब्रेक जितका जोरात दाबाल तितकी त्याची पकड कमी होते. हिशोबासाठी समजा, उभ्या गाडीचे वजन दोन्ही आसांवर निम्मे निम्मे आहे, गुरुत्वमध्याची उंची दोन आसांमधील अंतराच्या एक चतुर्थांश आहे, आणि घर्षणांक ०.७. मंदन हे गुरुत्वत्वरणाच्या 'म' पट धरले, तर मागच्या चाकांवर वजनाचा (०.५ − ०.२५ म) इतका हिस्सा राहतो. त्यावरचे घर्षण हेच मंदन देते, म्हणून

म = ०.७ × (०.५ − ०.२५ म)

यावरून म = ०.३ येते. चारही चाकांना ब्रेक असते तर म सरळ ०.७ आला असता. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी, ब्रेक लागल्यानंतर, चार चाकांवर २० मीटरमध्ये थांबते आणि दोन चाकांवर ४८ मीटरमध्ये. हा फरक अठ्ठावीस मीटरचा आहे. शाळेच्या फाटकासमोर अठ्ठावीस मीटर पावलांनी मोजून दाखवा. या हिशोबात चालकाला भान येण्यात जाणारा वेळ धरलेला नाही, आणि जुन्या अरुंद टायरांचा घर्षणांक ०.७ पेक्षा कमी असणार तेही सोडून दिले आहे. उतारावर तर वजन आधीच पुढे सरकलेले असते. १९०८ मध्ये घाट चढणाऱ्या गाडीचे कौतुक झाले, ते योग्यच. पण मला विचाराल तर तो घाट उतरणारा चालक जास्त कौतुकाचा.

फँटमला चारही चाकांवर डिस्क ब्रेक आहेत आणि चाक घसरू लागले की दाब सोडून पुन्हा धरणारी यंत्रणा आहे. वाढलेल्या शक्तीपेक्षा ही वाढलेली थांबण्याची कुवत जास्त मोलाची आहे. शक्तीचा उपयोग गाडीच्या मालकाला. थांबण्याचा रस्त्यावरच्या सगळ्यांना.

गेली कुठे?

आता तो दुसरा प्रश्न. फँटमच्या इंजिनाची आदर्श कार्यक्षमता घोस्टच्या १.७ पट आहे. मग ती पेट्रोल कमी खात असेल?

१९११ मध्ये एका घोस्टने, तोवर इंजिन ७.४ लिटरचे झाले होते, लंडन ते एडिंबरा आणि परत असा प्रवास क्लबच्या निरीक्षकांसमोर सबंध वेळ वरच्या गिअरमध्ये केला. गाडीने गॅलनला २४.३२ मैल दिले. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, त्यावरून हे होते १०० किलोमीटरला ११.६ लिटर. सरासरी वेग ताशी सुमारे साडेएकतीस किलोमीटर. फँटमचा युरोपच्या तेव्हाच्या अधिकृत चाचणीतला आकडा १०० किलोमीटरला १५.९ लिटर. योगायोग असा की त्या चाचणीचा सरासरी वेगही ताशी ३३.६ किलोमीटरच होता. तुलना अगदी काटेकोर नाही. घोस्टला हलकी बॉडी होती आणि ती एकसारखी चालली, तर युरोपीय चाचणीत पुनःपुन्हा थांबणे, सुटणे आणि थोडा वेळ ताशी १२० चा वेगही असतो. तरी एवढे निश्चित की चांगल्या इंजिनाचा फायदा पेट्रोलच्या बिलात दिसत नाही.

एक भाग वजनात गेला. २४८५ किलोची गाडी ताशी १२० किलोमीटरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा १.३८ मेगाजूल. ब्रेक लावला की ती सगळी उष्णता होऊन हवेत जाते. इंजिन पेट्रोलच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा वापरते असे धरले, तर तेवढी ऊर्जा पुन्हा मिळवायला साडेपाच मेगाजूल लागतात. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाजूल असतात. म्हणजे त्या वेगावरून साधारण सहा वेळा थांबून पुन्हा निघाले की एक लिटर संपले.

दुसरा भाग वेगाच्या तयारीत गेला. हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साडेनऊचे घनमूळ २.१. घोस्टचा कमाल वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास होता. तसाच आकार ठेवून साडेनऊपट शक्ती दिली तरी वेग जेमतेम दुप्पट होणार. फँटमचा २४० चा आकडा त्याच घरात येतो, आकार सुधारल्यामुळे थोडा वर. दुप्पट वेगासाठी एवढी मोठी तजवीज करायची, आणि मग शहरात ताशी तीसने जायचे! त्या वेगाला एवढ्या मोठ्या गाडीलाही शक्ती थोडीच लागते, पण बारा दट्टे आणि अठ्ठेचाळीस झडपा घर्षणाची वसुली करतच असतात. भागभारावर चालणारे मोठे इंजिन म्हणजे एका कप चहासाठी पेटवलेला लग्नाचा चुला. फँटममध्ये झडपा किती उघडायच्या हे कमीजास्त करण्याची सोय आहे, तिने हा तोटा थोडा आवरतो, संपत नाही.

रोल्स-रॉइसने २०२३ मध्ये 'स्पेक्टर' ही विजेवर चालणारी गाडी बाजारात आणली. नाव पुन्हा भुताचेच. शक्ती ४३० किलोवॉट, म्हणजे फँटमच्या ३३८ हून अधिक. बॅटरी १०२ किलोवॉट-तासांची, वजन २८९० किलो. तिच्यात दट्टे नाहीत, म्हणून हादऱ्यांची समीकरणेही नाहीत. ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते आणि गतिज ऊर्जेचा बराच भाग बॅटरीत परत जातो.

तीनही गाड्यांचा खर्च एका एककात आणून पाहा. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ८.९ किलोवॉट-तास. १०० किलोमीटरला घोस्टने, त्या १९११ च्या प्रवासात, १०३ किलोवॉट-तास घेतले. फँटम १४१ घेते. स्पेक्टर २२ च्या आसपास. मात्र वीज कोळशावर तयार झाली असेल आणि वीजकेंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर त्या २२ साठी कोळशातून ६३ किलोवॉट-तास जाळावे लागतात.